लाल ओठांची बाई

ती बाई पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, लाली-पावडर विकणारी आली. पन्नाशीची असेल. रंगानं माझ्यासारखीच काळीसावळी, अंगावर सुती साडी, पायात शाळेतली पोरं घालतात तसले बूट, आणि ओठ मात्र लालभडक. लांबून आधी ओठ दिसायचे, मग बाई दिसायची. मी आतूनच हात हलवला, "नको माय, आमना घरमा कोनी लाली लावस नही." तर ती सरळ ओट्यावर चढली नि म्हणाली, "लाली माझ्यापुरती आणलीय, अक्का. तुमची नात कुठंय?"

नात म्हणजे गौरी, माझ्या पोराची पोरगी. तेव्हा चार वर्षांची होती. कानानं जन्मापासून कमी. कमी म्हणजे ढग गडगडला तर मान वळवायची. बाकी हंडा पडला काय नि आम्ही बोंबललो काय, सारखंच. गाव तिला मुकी म्हणायचं. आणि ही बाई अशा पोरांना शिकवणारी, कंत्राटावरची सरकारी शिक्षिका. राहायला धुळ्याला. स्कूटीवर सोनगीरच्या नि शिंदखेड्याच्या अंगाची खेडी फिरायची. तिला चांगलं नावगाव होतं, पण आमच्याकडं ते कोणी तोंडात घेतलं नाही. गावानं तिला लालीवाली म्हटलं, ते म्हटलंच.

आता बायकांचं कसं असतं बघा. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो. ज्वारीचा चीक, हात चिकट, आणि तोंडं मोकळी. विषय तिचाच. नवरा वारलेला ना तिचा? कंडक्टर होता म्हणे. मग ह्या वयात ओठ कोणासाठी रंगवते? तेवढ्यात ही जिना चढून वर आलेली, मागं उभी. आमच्या माना खाली. ती म्हणाली, "कोणासाठी म्हणजे? तुमच्या गावातल्या गौरीसाठी. ती ओठ बघून बोलणं ओळखते. ह्या काळ्या तोंडात काळे ओठ तिला काय दिसणार, कपाळ?" आणि पिशवीतून ती कांडी काढून आमच्यापुढं धरली. "घ्या, तुम्ही पण लावा. पोरीशी बोलायचं असेल तर लावा, नसेल तर माझ्यावर तरी बोलू नका."

एकीनंही हात पुढं केला नाही. ती खाली गेल्यावर मात्र सगळ्याजणी एकमेकींच्या ओठांकडं बघत होत्या, हे मी पाहिलंय.

स्वभाव म्हणाल तर भांडकुदळ. गोड बोलणं तिला जमायचंच नाही. तुम्ही बोलताना मान फिरवली की ही बोलायची थांबायची, अर्ध्या वाक्यात. परत बघितलं की तिथूनच पुढं. मला सुरुवातीला वाटलं, बाईला फेफरं बिफरं येतं की काय. ती आम्हाला सवय लावत होती. गौरीशी बोलायचं तर आधी खाली बसायचं, तोंडासमोर तोंड आणायचं, उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा. सून चुलीकडं तोंड करून बोलली की ही ओट्यावरून ओरडायची, "भिंतीला शिकवताय का गं?"

कोणी मुकी म्हटलं की उठून उभी राहायची. "मुकी नाही. तिला ऐकू येत नाही. बोलत नाही ते तुमच्यामुळं." असं तोंडावर. पाहुण्यांनासुद्धा. आमच्या व्याह्यांना ती असं म्हणाली तेव्हा मी पाणी पाणी झाले. आणि एक नेहमीचं होतं तिचं, इतक्या वेळा ऐकलं की माझ्या कानात बसलंय: "कान देवानं घेतले. तोंड तुम्ही घेऊ नका."

तिनं मला विचारलं होतं, घरात कसं बोलता? शिक्षिका समोर म्हणून मी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागले. "आमच्या घरी असं आहे, तसं आहे." तिनं कपाळाला हात लावला. "अक्का, मी गेल्यावर कसं बोलता?" मग मी खरं सांगितलं, आम्ही शे म्हणतो. पानी शे, भाकर शे. तिनं पिशवीतून आरसा काढला, माझ्यापुढं धरला. "म्हणा आहे." म्हटलं. "ओठ हलले?" नाही हलले. नुसती जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. "आता म्हणा शे." मी शे म्हटलं नि आरशात माझे ओठ असे पुढं आले, चंबू झाला. बाई इतकी खूश झाली की माझ्या मांडीवर थाप मारली. "हे बघा! तुमची बोली डोळ्यांना दिसते! आहे दिसत नाही, शे दिसतं. ह्या पोरीला मी शे शिकवणार. मग हापीस काय म्हणायचं ते म्हणू दे." आयुष्यभर ज्या बोलण्याला धुळ्यात लोक हसले, त्याचं असं कौतुक मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

पण मी तिला एकदा घराबाहेर काढलंय, तेही सांगते. गौरी बोट दाखवायची नि आम्ही ती वस्तू द्यायचो. पाण्याकडं बोट, पाणी. भाकरीकडं बोट, भाकर. बाईनं बंदी घातली. "ह्या घरात बोटाला काही मिळणार नाही. तोंडाला मिळेल." त्या दिवशी पोरगी उपाशी बसली. टोपल्याकडं बोट दाखवून दाखवून रडली, हातपाय आपटले. सून रडायला लागली. बाई टोपलं मांडीवर घेऊन बसलेली, हलेना. माझं डोकं फिरलं. मी टोपलं हिसकावलं, म्हटलं, "ऊठ. चालती हो माझ्या घरातून. पोरीला उपाशी मारायला आलीस का?" ती उठली. बूट घालत होती, एवढ्यात मागून आवाज आला, "पाकर!"

प, ब, भ, म, सगळे ओठांवर सारखेच दिसतात, हे मला नंतर कळलं. भाकर बघून तिनं पाकर उचललं होतं. पण आवाज तिचा होता, नि मागितलं तिनं होतं. मी टोपलं घेऊन तशीच उभी. बाई दारातून म्हणाली, "देता का आता, की अजून मलाच हाकलताय?" आमच्या घरात त्यानंतर कितीतरी दिवस भाकरीला सगळे पाकरच म्हणायचे. माझा पोरगा जळगावला दालमिलमध्ये कामाला आहे, तो फोनवर विचारायचा, "माय, पाकर खाल्ली का?"

गौरीला कानाचं मशीन मिळालं तेव्हाही बाईनं असंच काहीतरी केलं. मशीन घातलं की पोरगी काढून फेकायची. आवाज म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तर कानात कोणी बोचकारल्यासारखं वाटत असेल. बाई तिला स्कूटीवर घालून सोनगीरला तांबटांकडं घेऊन गेली, मी मागं बसलेली. एक भला मोठा हंडा ठोकत होते. बाईनं गौरीचे दोन्ही तळवे त्या हंड्याला लावले. ठोका पडला की हातात थरथर. मग मशीन कानात घातलं. ठोका. मग काढलं. ठोका. पोरगी हाताकडं बघते, कानाकडं हात नेते, हाताकडं बघते. आणि मग तिनंच मशीन उचलून बाईपुढं धरलं, घाल म्हणून. तो तांबट म्हातारा हातोडी खाली ठेवून नुसता बघत राहिला. त्याला बाई म्हणाली, "थांबला का हो? ठोका ना!"

हां, तर मी हे सगळं आधी का सांगितलं, तर पुढं काय गेलं ते कळावं म्हणून.

गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, "आजी, पोरगी बोलायला लागली तर पहिलीत घेऊ. बोलत नसेल तर आमच्या वर्गात काय करणार ती? बाहेरगावी निवासी शाळा आहेत तिच्यासारख्यांच्या, तिथं ठेवा." बाई त्यांना म्हणाली होती, नाही म्हणायचा अधिकारच नाही तुम्हाला, कायदा आहे. ते म्हणाले, कायदा आहे हो मॅडम, पण वर्ग मला सांभाळायचाय. सहा वर्षांची पोर, रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपणारी, ती कुठल्या वसतिगृहात टाकू? त्या जूनमध्ये तिचं पहिलीत बसायचं ठरलं होतं. बोलत होती ती. वेडंवाकडं, पण बोलत होती.

आणि मार्चमध्ये सगळ्या जगानं तोंड झाकलं.

तुम्हाला त्या मास्कमध्ये काय दिसलं ते मला माहीत नाही. गुदमरलात असाल. माझी नात दुसऱ्यांदा बहिरी झाली. माझी सून सरकारी दवाखान्याची आशा सेविका आहे. घरोघरी ताप मोजत फिरायची, आजाऱ्यांच्या दारात उभी राहायची. आपण रोग घरी आणू ह्या धाकानं ती घरातही तोंडावरचं फडकं काढायची नाही. ओसरीवर वेगळी झोपायची, ताटली वेगळी. मी म्हातारी, मला साखरेचा आजार. पोरानं जळगावहून फोनवर शपथ घातली, माय, पदर तोंडावरून काढू नको. झालं. आईचं तोंड गेलं, आजीचं गेलं. गौरी आईच्या जवळ जायची नि तिचा मास्क खाली ओढायची. आई हातावर फटका द्यायची. रोज. एका दिवशी पोरगी जवळ जायची थांबली. मशीनचे सेल संपले, गावात मिळेनात, धुळ्याची दुकानं बंद. मशीन डबीत पडलं. आधी तिच्या तोंडातलं आजी गेलं, मग पानी गेलं. परत बोट दाखवायला लागली. आणि आम्ही द्यायला लागलो. काय करणार? कोणात जीव होता भांडायचा?

अन् हापिसाचं ऐका. सुनेच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. कर्णबधिर मुलांसाठी घरबसल्या शिक्षण. मी म्हटलं, बरं झालं. लावला. एक मॅडम उभी, छान साडी, मागं फुगे, हात धुवायचं गाणं म्हणतेय. तोंडाला मास्क. मी दोनदा बघितलं, मला वाटलं मलाच नीट दिसत नाही. बहिऱ्या पोरांना शिकवायला तोंड बांधून गाणं! गौरीनं थोडं बघितलं नि मोबाईल उलटा ठेवून दिला. मी बाईला फोन लावला. ती फोनवर जे बोलली ते मी इथं सांगत नाही. सून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होती, तिला सगळं ऐकू गेलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मी येते."

"कशी येशील माय, रस्ते बंद शेतस."

"येते म्हटलं ना."

आली, पण लगेच नाही. आधी तिनं मास्कला पुढून भोक पाडून प्लास्टिक शिवलं. वाफेनं ते दोन शब्दांत धुरकटायचं. फेकलं. मग एका सकाळी स्कूटीचा आवाज आला. बघते तर हिच्या पाठीवर ओढणीनं बांधलेली मोठी चौकट. हायवेच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं होतं. कुठं निघालात, अत्यावश्यक आहे का? ही म्हणाली, "एक पोरगी मुकी होऊन राहिलीय, तुम्हाला चालेल का?" तो म्हणाला, आणि ही काच? ही म्हणाली, "हेच औषध." तो बिचारा गोंधळला असेल, सोडलं त्यानं.

चौकट बघितली नि मी ओट्यावरच थांबले. अशी चौकट कशाची असते ते आपल्याला कळतं. वरती हाराचा खिळा तसाच होता. मी विचारलं, "हे कोणाचं?"

"ह्यांचं."

"अन् ते?"

"कपाटात ठेवलेत, साड्यांच्या घडीत. इतकी वर्षं भिंतीवर उभे होते, जरा पडू देत." आणि माझं तोंड बघून म्हणाली, "अक्का, आमच्या घरात एवढी मोठी काच दुसरी नव्हती."

तिनं ती काच आमच्या खिडकीच्या गजांना बाहेरून नाडीनं बांधली. फटी सुनेच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बुजवल्या. गौरी आत, बाई बाहेर गल्लीत, दगडावर बसलेली. मग तिनं मास्क काढला. लाल ओठ. पोरगी इतक्या दिवसांनी उघडं तोंड बघत होती. तिनं आतून काचेवर हात ठेवला, बरोबर बाईच्या ओठांवर. मी पदरात तोंड घालून रडले. बाई रडली नाही. ती ओरडली, "हात काढ! दिसत नाही!"

अशी ती शाळा. बाई सेल घेऊन यायची, कुठून आणायची देव जाणे. उन्हात बसायची, आणि आमचं खानदेशातलं ऊन, दगडावर पापड भाजावा असलं. मी छत्री धरायला गेले तर म्हणाली, सावली पडते, ओठ दिसत नाहीत, बाजूला व्हा. आणि काचेनं एक नवलच केलं. सकाळी काच गार असायची तेव्हा तोंड जवळ नेऊन भ म्हटलं की काचेवर श्वासाचा मोठा डाग उमटायचा. प म्हटलं की लहान. म म्हटलं की काहीच नाही. जे ओठांवर सारखं दिसायचं ते काचेवर वेगळं दिसायला लागलं. एका सकाळी गौरीनं आतून काचेवर भलामोठा डाग पाडला नि म्हणाली, "भाकर!" बाई दगडावरून उठून गल्लीत नाचली. खरं सांगते, नाचली, बुटांसकट. मला जरा वाईट वाटलं. पाकर मला आवडायचं.

आता नानाचं सांगते. नाना माझा दीर, आमच्यासमोर राहतो, ग्रामपंचायतीत मेंबर. भीती सगळ्यांना होती, नाही म्हणत नाही. त्याचा साडू धुळ्याला दवाखान्यात गेला तो परत आला नाही, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही घरच्यांना. मला ते दुःख कळतं. पण त्यानं जे केलं ते दुःखानं नाही केलं. त्यानं त्याच्या ओट्यावरून, बाजूनं व्हिडिओ काढला. बाजूनं काच दिसत नाही. दिसते नुसती रंगवलेल्या ओठांची बाई, तोंड वासून खिडकीत घुसलेली, आणि आत लहान पोर. वर लिहिलं, ही बघा सरकारी शिक्षिका, मास्क नाही, लाज नाही. दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर, संध्याकाळी धुळ्यात.

मी त्याच्या दारात गेले. "नाना, काच दिसनी नही का तुमले?"

"वहिनी, ती बाई रोग लई येस गावमा. तुम्हले समजत नही."

"अन् तुम्हना पोरनी हळदमा कितला लोके व्हतात? कोणा एकाना तोंडवर फडकं व्हतं का? मी काढू का त्याना व्हिडिओ?"

तो म्हणाला, ते घरचं कार्य होतं. घरचं! नाचताना ह्यांच्या तोंडातून फुलं पडत होती जणू. माझ्या घरी पोरगी बोलायला शिकते ते कार्य नाही. त्याची बायको आतून म्हणाली, "नवऱ्याना फोटो फोडी टाका तिनी, असी बाई ती." फोडला नव्हता. काच काढली होती. पण कोणाकोणाला काय काय समजावत बसू?

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. मास्क, त्यावर पुढं प्लास्टिकचं आडवं कवच, हातमोजे. आमच्या अंगणात खुर्ची टाकली. हेडमास्तर, नाना, अर्धं गाव लांब लांब उभं. बाईला बोलावून घेतलेलं. ती आली, मास्क घालून, कोपऱ्यात उभी. साहेबांनी गौरीला समोर घेतलं नि मास्कच्या आतून विचारलं, "बाळा, तुझं नाव काय आहे?"

पोरगी बघत राहिली. त्यांनी मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. अंगणातली कोंबडी पळाली, गौरी नाही हलली. साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "प्रगती नाही." किती सहज म्हणाले!

बाई तिथून ओरडली, "साहेब, ओरडू नका, तोंड दाखवा! पार त्या बैलगाडीपर्यंत मागं जा, पण तोंड दाखवा!"

"मॅडम, नियम आहे."

"मग काचेमागं या. नियम तुटत नाही."

"मी काय त्या काचेमागं उभा राहू?"

पोरीचा निकाल लागत होता नि ह्यांना काचेमागं उभं राहायची लाज वाटत होती! हेडमास्तर मान हलवत होते. मला ती वसतिगृहाची खोली दिसायला लागली. मी गौरीला आत खिडकीशी बसवलं, गल्लीत गेले, काचेसमोर उभी राहिले नि पदर खाली केला. पुरुषांसमोर, दिरासमोर माझं तोंड तसं उघडं कधी झालं नव्हतं. म्हटलं, "तुन्हं नाव काय शे?"

आतून ठणठणीत उत्तर आलं. "मन्हं नाव गौरी शे." आणि मग खिडकीतून साहेबांकडं बोट करून, "हाऊ कोन शे?"

लोक हसले. मी पण हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "ही कुठली भाषा? शे काय? शासन प्रमाण मराठी शिकवायला पगार देतं ना तुम्हाला?"

बाईनं मास्क ओढून काढला. लाल ओठ. "साहेब, जिला कालपर्यंत पाणी मागता येत नव्हतं ती तुम्हाला विचारतेय तुम्ही कोण. आणि तुम्हाला त्यात व्याकरण दिसलं? सांगा ना तिला. कोण आहात तुम्ही? सांगा!"

ते उठले.

तिचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. मास्कचा नियम मोडला, आणि भाषा अशुद्ध शिकवली. मी दोनदा धुळ्याला हापिसात गेले, बाकावर बसून आले. आशांना टाळ्या वाजवल्या त्या वेळी ह्या लोकांनी, माझ्या सुनेलाही हार घातला. त्या बाईला कोणी विचारलं नाही. नाना आता म्हणतो, "वहिनी, झालं गेलं सोडा." का सोडू? त्याच्या घरचं पाणी मी अजून पीत नाही. बाई जळगावला बहिणीकडं राहते, नशिराबादच्या अंगाला दोन घरी पोरं शिकवते. मी फोन केला की ओरडते, "अक्का, आवाज नको, तोंड दाखवा, व्हिडिओ लावा!"

शाळा उघडली त्या दिवशी मी गौरीला घेऊन पहिलीच्या वर्गात जाऊन बसले, पुढच्याच रांगेत. म्हटलं, घ्या, नाहीतर मी पण पहिलीत बसते. त्यांना दोघी नको होत्या, म्हणून एक घेतली.

आता ती अकरा वर्षांची आहे. परवा हेडमास्तरांनी मला शाळेत बोलावलं. गौरी कोपऱ्यात उभी, हाताची घडी घालून. ते म्हणाले, "आजी, हिची फार तक्रार आहे. सर फळ्याकडं वळून समजावायला लागले की ही बाक वाजवते. आधी लिहा, मग वळून बोला, असं सरांना सांगते. काल तर वर्गातल्या पोरांचं भांडण लागलं, त्यातही ही मध्ये. आवाज असा की ऑफिसपर्यंत येतो. फार बोलते हो ही मुलगी."

मी म्हटलं, "शेवटचं परत सांगा, सर."

"काय?"

"शेवटी काय म्हणालात ते."

त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा आवाज जरा खाली आला. "फार बोलते," ते म्हणाले.

मी उठले, गौरीचा हात धरला. म्हटलं, "अजून बोलेल."